पाणपोईची किल्ली

लोकांच्या घरी वायफाय बसवून देणं हा आमचा धंदा. खांबावर चढून वायर ओढतो तो माझा नवरा गोविंदा, आणि घरात बसून राऊटरची सेटिंग करते ती मी, रेणुका. नांदुऱ्यातल्या अर्ध्या गावाचे पासवर्ड माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. त्यावरून एवढं सांगते, माणसाला दाराचं कुलूप कळतं, हवेतलं कळत नाही. दुकानाला तीन-तीन कड्या घालणारा सराफ वायफायला एक ते आठ आकडे ठेवतो. गुरुजी स्वतःचा मोबाइल नंबर ठेवतात, जो शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. एका नवऱ्या मुलाने बायकोचं नाव ठेवलं होतं आणि बायकोलाच सांगितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे बोलते. गोविंदा म्हणतो, "तू काऊन तापतं वं? त्याईचं घर, त्याईचं कुलूप." मला नाही पटत. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात खरं, पण आधी शहाणा सापडायला हवा.

कुलूपच नको म्हणणारं गिऱ्हाईक मात्र मला जन्मात एकच भेटलं. जानराव इंगळे, रेल्वेतून निवृत्त झालेले गेटमन. मी त्यांना मामा म्हणते.

मामांचं घर स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. पुढे लांबरुंद ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली, सावलीत दोन रांजण. भीमजयंतीला पाणपोई लावायची ती पावसाळा लागेपर्यंत, असा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. मामांनी तो बारमाही करून टाकला. रांजणावर स्टीलचा पेला असतो आणि त्याला साखळी नसते. पेला चोरीला जातो. मामा दुसरा आणून ठेवतात. कलाबाईमामी दर वेळी म्हणते, "आता तरी साखळी बांधा." मामा दर वेळी म्हणतात, "ज्यानं नेला त्याच्या घरी पेला नसन."

दुपारची भाकर झाली की मामा त्याच ओट्यावर आडवे होतात. मालगाडी धडधडायला लागली की बाकीच्यांची झोप मोडते, मामांना त्या आवाजानेच लागते. डबे मोजता मोजता ते झोपेत उतरतात, आणि उठले की स्वप्न सांगतात. बाजारातून आलेला माणूस जसा कापसाचा भाव सांगतो ना, अगदी तसं. "आज बुढा टेशन मास्तर सरकीच्या ढिगात पोहून राह्यला होता. टोपी कोरडीच्या कोरडी." किंवा, "तुरीच्या वावरात कंदील उगवले, रेणुका. कलाबाई तोडून राह्यली, आन हात पोळत नाई." जवळच्या जिनिंग गिरणीकडून कापसाचे तंतू हवेवर तरंगत येतात, रांजणाच्या काठावर बसतात. मामांचा आवाज संथ, मधेच थांबणारा. ऐकता ऐकता आपणच झोपलो आहोत आणि हे सगळं आत कुठेतरी चाललं आहे, असं मला वाटू लागतं. वायर तपासायच्या निमित्ताने मी कितीदा नुसती स्वप्नं ऐकायला गेले आहे, ते गोविंदाला अजून ठाऊक नाही.

एक स्वप्न मात्र ते हसत सांगत नसत. फाटक लागलेलं आहे. दोन्ही बाजूंना माणसं उभी आहेत, सायकली आहेत, बैलगाड्या आहेत, एक ऑटो आहे. गाडी येत नाही. लांबूनही आवाज नाही. मामा फाटकाचं चाक फिरवतात, चाक गरगर फिरतं, पण दांडा वर जात नाही. मग कुठेतरी बाळ रडतं आणि मामा जागे होतात. हे स्वप्न त्यांना आठवड्यातून एकदा तरी पडायचंच.

त्यामागची गोष्ट साऱ्या गावाला माहीत आहे. गेटमनने फाटक लावलं की स्टेशन मास्तरला फोनवर एक आकडा सांगायचा असतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनपाशी छापील कागद असतो, त्यावर आकडे उलटेसुलटे, कशाला काही क्रम नाही. एक आकडा सांगायचा, त्याच्यापुढे गाडी आणि वेळ लिहायची आणि तो खोडायचा. खोडलेला आकडा परत कधी वापरायचा नाही. आणि एकदा आकडा दिला की गाडी गेल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, मग पलीकडे कोणी का उभं असेना.

एकोणीस वर्षांपूर्वी मामांनी असाच आकडा दिला आणि पाच मिनिटांनी मंजुळाबाईचा ऑटो फाटकाशी येऊन थांबला. मंजुळाबाई बाजारात भाजी विकते. तेव्हा तिचे दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या होत्या, आणि दवाखाना रुळांच्या पलीकडे. तिचा नवरा मामांच्या पाया पडला. मामांनी फाटक उघडलं नाही. मामीने बाईला हाताला धरून आपल्या क्वार्टरच्या पडवीत नेलं. बाहेर मेल धडधडत जात होती, मामा हिरवी झेंडी धरून उभे होते, आणि पडवीत मुलगी झाली. तिचं नाव संजीवनी. माय-लेकी दोघी सुखरूप राहिल्या. मामांना कोणी बोल लावला नाही, उलट मंजुळाबाई आजही पहिल्या तोडीची मेथी त्यांच्या घरी टाकल्याशिवाय बाजारात जात नाही. तरी मामांच्या मनातून तो ऑटो गेला नाही. पुढे फाटकाच्या जागी खालून बोगदा झाला, मामा निवृत्त झाले. घरी आले त्याच दिवशी त्यांनी मामीला सांगितलं, "एकतीस वर्षं लोकाईले अडवलं. आता कोनाले अडवनार नाई."

चार वर्षांपूर्वी, पुण्याला असलेल्या मुलाशी तोंड पाहून बोलता यावं म्हणून त्यांनी आमच्याकडून कनेक्शन घेतलं. राऊटर त्यांनी ओट्याकडच्या खिडकीत ठेवायला लावला. मी विचारलं, "नेटवर्कले नाव काय देऊ, मामा?"

"पाणपोई."

"आन पासवर्ड?"

"पासवर्ड नाई."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. सेटिंगच्या पानावर सुरक्षेची एक यादी असते. सगळ्यात वर 'काही नाही'. त्याखाली डब्ल्यूईपी, ही इतकी जुनी कडी की कोणीही बाहेरून काढेल. मग एकाहून एक पक्क्या कड्या, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-टू, आणि नव्या राऊटरवर डब्ल्यूपीए-थ्री. मी मास्तरणीसारखी एकेक समजावून सांगितली. मामांनी सगळं नीट ऐकलं आणि बोट वरच्या 'काही नाही'वर ठेवलं.

"मामा, उघडं ठेवलं तं कोनीबी येऊन बसन."

"बसू दे. ओटा काह्यले बांधला?"

"चोर-चिलट बी येईन ना."

"पान्याले कुलूप लावत नाई, रेणुका."

"हे पानी नोहे, मामा!" माझा आवाज चढला.

मामा म्हणाले, "मही माय घागर घेऊन विहिरीपाशी उभी राहे. कोनी वरून ओतलं तं पानी, नाई तं रिकामी वापस. विहीर होती, दोर होता, मायले दोन हात होते. शिवू तेवढं द्याचे नाई. मी लहान होतो, मले वाटे आज कोन ओतन, कोन ओतन. मह्या दारापुढं कोनी असं तोंडाकडं पाहात उभं राहाचं नाई. बास."

'काही नाही' मी निवडलं, या माझ्या हाताने. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखी आठवतात. मामांनी फोन हातात धरून, सिग्नल जिथवर येतो तिथवर चालून पाहिलं. जिथे तो विरतो तिथे एक दगड ठेवला आणि त्याला चुना फासला. हद्द आखल्याशिवाय रेल्वेच्या माणसाला चैन पडत नाही. पांढऱ्या दगडांचं एक वाकडंतिकडं रिंगण झालं, बाभळीखालून, किराणा दुकानाच्या मागून, थेट रुळांच्या कुंपणापर्यंत. दिवेलागणीला त्या रिंगणात माणसं येऊन बसत. हमाल, गाडी चुकलेले प्रवासी, रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघालेल्या बायका. तळ्याकाठी बगळे बसावेत तशी ती सगळी गप्प असत. चेहऱ्यांवर फोनचा निळसर उजेड, मधूनच रांजणात पेला बुडल्याचा आवाज. कोणी परगावच्या लेकराशी बोले, कोणी भजन लावी. मामा मध्येच उभे राहून सगळ्यांकडे पाहत आणि आत येऊन मामीला म्हणत, "भरलं वं सारं."

खिडकीखालची जागा संजीवनीची. तिच्या घरात, टिनाच्या छपराखाली, रेंज येत नव्हती. तिला नर्स व्हायचं होतं आणि ती त्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. रोज संध्याकाळी फोनवर एक सराव परीक्षा सोडवायची, मग मामीचा चहा प्यायचा, मग मामांना शरीरातल्या हाडांची नावं पाठ म्हणून दाखवायची. मामा ती नावं पुटपुटत झोपायला जात. एकदा त्यांच्या स्वप्नात मांडीच्या हाडाला पानं फुटली होती.

मागच्या एप्रिलमध्ये, परीक्षेला पंचवीस दिवस उरले असताना, कोणीतरी संजीवनीच्या नावाने खोटं खातं काढलं. तिचा फोटो लावला आणि तिच्या नात्यातल्या पुरुषांना घाण घाण लिहून पाठवलं. मंजुळाबाई पोलिसात गेली. चौकशीत निघालं की ते खातं ज्या कनेक्शनवरून चालवलं गेलं ते जानराव इंगळ्यांच्या नावावर आहे.

दोन पोलीस भरदुपारी आले. रांजणातलं पाणी प्याले, अदबीने बोलले. "बाबा, तुमचं नेट कोन कोन वापरते?"

"सारेच."

"नावं सांगा."

"पाणपोईवर नाव कोन इचारते, साहेब?"

राऊटरच्या पोटातही काही सापडलं नाही. कुलूपच नव्हतं, तर कोणी उघडलं याची नोंद कुठून असणार? ज्याने ते केलं तो कोण, हे आजपर्यंत कळलेलं नाही. पण तो चुन्याच्या दगडांच्या आत बसला होता एवढं नक्की, आणि कदाचित त्याच पेल्याने पाणी प्याला होता.

मंजुळाबाईने संजीवनीचा फोन पत्र्याच्या पेटीत टाकला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. "परीक्षा नको न काई नको," ती मला बाजारात म्हणाली. "तिचा बाप असता तं गोष्ट अलग होती. मी एकटी कोनाकोनाले तोंड देऊ?" संजीवनी तिच्या मागे, मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिने मान वर केली नाही. परीक्षा पुन्हा पुढच्या वर्षी येते, पण एकदा पेटीत गेलेली पोरगी पुढच्या वर्षी बाहेर येते का? मी अशा पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या येत नाहीत.

मी तशीच मामांकडे गेले. राऊटरची वायर उपटून खिडकीत गुंडाळून ठेवली होती. ओटा रिकामा. मामा आडवे होते, मालगाडी जात होती, आणि त्यांचे डोळे उघडे होते.

"कोनीतरी मह्या रांजणात थुकलं, रेणुका."

मी त्यांच्या पायापाशी बसले. "मामा, चूक मही होय. मीच तुमाले धड समजावलं नाई. उघडं वायफाय म्हंजे सारे एकाच पेल्यानं पेतात, कोन काय करते कोनाले दिसत नाई. आपन असं करू. रांजण एकच राहू द्या, पन पेला ज्याचा त्याले वेगळा देऊ."

मामी दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"वेगळा पेला," मामा म्हणाले. रागाने नाही, जुनी वस्तू हातात घेऊन पाहावी तसं. "बाजाराच्या हाटेलात आमच्यासाठी वेगळा पेला राहे. मांगच्या भिताडाले, खिळ्याले टांगलेला. आपुनच धुवाचा, आपुनच टांगाचा."

असा एक पेला आमच्या मळ्यातही होता. गोठ्याच्या मागे, कोनाड्यात. लहानपणी मी तो भातुकलीत घेतला तेव्हा आजोबांनी माझ्या हातातून हिसकावला होता, आणि का ते मी कधी विचारलं नव्हतं. ते सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला लाज वाटली. दुनियेला कुलपं शिकवत फिरणारी मी, जिभेवर काय ठेवते ते मलाच कळलं नाही. मी काही बोलायला गेले आणि रडू आलं.

मामांनी मामीला चहा टाकायला सांगितलं. कापसाचा एक तंतू माझ्या हातावर येऊन बसला, बराच वेळ बसून राहिला. मग मामा उठून बसले.

"पेला नको म्हनू. आकडा म्हन. मी फोनवर जो आकडा देत होतो तो बाजूच्या फाटकावाल्याले मालूम नसे. त्याचा मले मालूम नसे. आकडे अलग होते म्हनून आम्ही अलग नोहतो, एकाच लायनीवरचे होतो. तसं काई होते का तुह्या मशिनीत?"

"होते, मामा," मी नाक पुसत म्हटलं. "हुबेहूब तसंच होते."

आमच्या दुकानात एका लॉजसाठी मागवलेला राऊटर पडून होता. त्यात प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची किल्ली देता येते. दुसऱ्या दिवशी तो आणून बसवला. घरातल्या दोन फोनांसाठी एक वेगळं नेटवर्क केलं, त्याला डब्ल्यूपीए-थ्री. ओट्यासाठी दुसरं, नाव तेच, पाणपोई. त्याला डब्ल्यूपीए-टू आणि एईएस ही पक्की कूटलिपी, कारण ओट्यावरच्या अर्ध्या लोकांचे फोन जुने आणि त्याहून नवं कुलूप त्यांना उघडत नाही. टीकेआयपी म्हणून एक जुनाट पर्याय त्यात असतो, तो बंद केला. आता एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाणार नव्हतं, ओट्यावरून घरात डोकावता येणार नव्हतं, आणि कोणत्या किल्लीने कोण कधी आत आलं हे मशीन लिहून ठेवणार होतं. मामांनी सगळं दोनदा समजून घेतलं. मग एकच अट घातली. "मांगन त्याले किल्ली भेटन. कोनाले नाई म्हनाचं नाई. पन नाव सांगा लागन."

आता किल्ल्या. मामांनी जुन्या सवयीने कागदावर दोन-दोन आकड्यांचे नंबर लिहून आणले. मी म्हटलं, आठ अक्षरांच्या खाली मशीन घेत नाही आणि खरं तर वीस-पंचवीस हवीत. मग त्यांनी दहा-दहा आकडे लिहिले, लोकांना वाटले, आणि संध्याकाळी वापरलेले सगळे नंबर, माझ्याकडून शिकून घेतलेल्या रीतीने, मशीनमधून खोडून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा ओटा माझ्या दुकानाच्या पायरीवर. हमालांचा मुकादम तर भांडायलाच आला. मी तशीच मामांच्या ओट्यावर गेले.

"वापरला तं खोडला," मामा शांतपणे म्हणाले. "एकतीस वर्षं तेच केलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मामा, हे फाटक नोहे! किल्ली त्याच्यापाशी राहू द्याची. तो गाव सोडून गेला, नाई तं किल्ली कोनाले कळली, तवा खोडाची. आन दहा आकडे ध्यानात कोनाच्या राह्यतात? लोकं हातावर लिहून फिरून राह्यले. असं काई द्या की त्याच्या ध्यानात राहीन आन दुसऱ्याच्या मनातबी येनार नाई."

मामांनी लाजत विचारलं, "सपन चालन?"

चालेल? मी दहा वर्षं लोकांना जे ओरडून सांगत होते, ते या माणसाच्या उशाशी रोज दुपारी आपोआप तयार होत होतं. नाव नाही, जन्मतारीख नाही, कुठल्या पुस्तकात नाही, कोणाच्या अंदाजात बसणार नाही. चार-पाच शब्दांचं एक चित्र, इंग्रजी अक्षरांत सलग लिहायचं. मामा लॅपटॉप मांडीवर घेऊन दोन बोटांनी ते टाईप करत, आणि मी तेवढा वेळ रुळांकडे पाहत बसे. पडद्यावर फक्त ठिपके उमटत. मग ज्याची किल्ली त्याच्या कानाशी वाकून ते हळूच सांगत. माणूस ऐकून थोडा वेळ तसाच बसे. मुकादम तर ऐकल्यावर हसत हसत घरी गेला आणि दुसऱ्या दिवशीही हसत होता. संध्याकाळी ओट्यावर नजर टाकली की वाटे, यांच्यातल्या प्रत्येकाच्या कानात एक स्वप्न आहे आणि दुसऱ्याचं कोणालाच माहीत नाही.

तीन-चार दिवसांनी मामांनी मला एक नवल सांगितलं. "दिलेलं सपन वापस पडत नाई, रेणुका. कंदीलवालं दिलं, ते गेलं. देल्लं की गेलं."

पण खिडकीखालची जागा रिकामीच होती. परीक्षेला चौदा दिवस राहिले तेव्हा मामांनी धुतलेला सदरा घातला, किल्ली घेणाऱ्यांच्या नावांची वही काखेत मारली आणि मला म्हणाले, "चाल." आम्ही मंजुळाबाईकडे गेलो. ती दारात गवारीच्या शेंगा निवडत होती. संजीवनी आत पेटीवर बसली होती.

"बसा, भाऊ," मंजुळाबाई म्हणाली. "पन पोरीचं काई म्हनू नका. तुमचा दोष नाई, तरी आता तिले तिथं नाई पाठवत."

मामा बसले नाहीत. "मंजुळा, तुह्या वक्ताले मी फाटक उघडलं नाई."

"तो तुमच्या नोकरीचा नेम होता. मी कधी काई म्हटलं का?"

"नाई म्हटलं. मी म्हनून राह्यलो. तवा बंद ठेवलं तो नेम होता. आता उघडं ठेवलं तो महा हट्ट होता. दोनी वक्ताले भोगलं ते तुह्या पोरीनं." त्यांनी हात जोडले. "मले माफ कर."

मामांनी वही पुढे केली. तिला वाचता येत नाही, म्हणून संजीवनी बाहेर आली आणि तिने वाचायला सुरुवात केली. ओट्यावर बसणाऱ्या एकेकाचं नाव, कुठला राहणारा, किल्ली कोणत्या दिवशी दिली. सगळ्यात वर मामांचं स्वतःचं नाव होतं. त्रेचाळीस नावं झाली आणि ती थांबली.

"ही चव्वेचाळीसवी ओळ कोरी हाये, बाबा."

"ते तुही होय. आली तं लिहू, नाई आली तं कोरीच राहू दे. दुसऱ्या कोनाचं नाव तिथं लिहिनार नाई."

मंजुळाबाई बराच वेळ वहीकडे पाहत होती, अक्षरं कळत नसताना. मग म्हणाली, "साऱ्याईची नावं हायेत?"

"साऱ्याईची. नाव नाई त्याले किल्ली नाई."

"मंग पंचेचाळीसवी ओळ मही लिहा. मले फोन येत नाई, तरी लिहा. मी रोज टोपली घेऊन तिच्या बाजूले बसीन." तिने पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली.

मामा संजीवनीच्या कानाशी वाकले. बाकीच्यांना ते पाच शब्द सांगत, तिला सांगायला त्यांना खूपच वेळ लागला. ऐकता ऐकता पोरीने त्यांचा हात धरला. ती रडत होती की काय ते मला दिसलं नाही, मी नियमाप्रमाणे दुसरीकडे पाहत होते.

चौदा दिवस माय-लेकी खिडकीखाली बसल्या. संजीवनी परीक्षा सोडवी, मंजुळाबाई भाजी निवडत निवडत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवी. प्रवेशपत्रही तिथेच फोनवर उतरवलं. परीक्षा झाली, निकाल लागला, यादीत नाव आलं, आणि पावसाळा संपता संपता संजीवनी अकोल्याला नर्सिंग कॉलेजात गेली. स्टेशनवर मामा तिला पोचवायला आले होते. गाडी हलली तसा त्यांचा हात झेंडी धरल्यासारखा आपोआप वर गेला, आणि ती दारात उभी राहून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

परवा दुपारी मी राऊटर तपासायला गेले होते. दर तीन महिन्यांनी मी किल्ल्यांची यादी चाळते. जो गाव सोडून गेला त्याची किल्ली काढून टाकायची, हा पहिला नियम. न वापरलेली किल्ली म्हणजे उघडं राहिलेलं मागचं दार. मी चव्वेचाळीसवर थांबले.

"मामा, संजीवनीची खोडू ना? ते तं आता अकोल्याले असते."

मामा ओट्यावर आडवे झाले होते. "ते नको खोडू."

"काऊन? गेलेल्याची खोडाची, आपलं ठरलं ना? तुमी तं खोडाले मांगंपुढं पाहात नाई."

लांबून मालगाडीचा आवाज येऊ लागला होता.

"ते फाटकाचं सपन होतं वं," मामा म्हणाले. "तिले देल्लं तवापासून एकडाव नाई पडलं. खोडलं तं वापस येईन."

मालगाडी आली. मामांनी डोळे मिटले आणि डबे मोजायला लागले. बाराव्या-तेराव्या डब्याला त्यांचे ओठ हलायचे थांबले आणि ते घोरू लागले. ती किल्ली अजून यादीत आहे. माझ्या धंद्याच्या दृष्टीने ही चूक आहे, आणि ती मी, या माझ्या हाताने, तशीच ठेवली आहे.